खोर फक्कानला भेटलेली प्रमिला

लग्नाला अकरा वर्षं झाली होती आणि बायकोचं सगळं आपल्याला ठाऊक आहे, अशी विजयकुमारची समजूत होती. शारजात अल नहदाला सातव्या मजल्यावर फ्लॅट, तो एका बांधकाम कंपनीत इंजिनिअर, प्रमिला घरी, नऊ वर्षांची ईशानी शाळेत. प्रमिला हर्णैची, समुद्राकाठची. पुण्याच्या शाकाहारी घरात आल्यावर तिनं मासे सोडले ते सोडलेच. त्याबद्दल ती कधी बोलली नाही, म्हणजे तिला त्याचं काही वाटत नसावं, असं तो धरून चालला होता.

दोन हजार दोनच्या जानेवारीत तिला यूनुस भेटला. इमारतीखालच्या ग्रोसरीत माल उतरवायला आलेला ड्रायव्हर. तो फोनवर आईशी बोलत होता आणि ते बोलणं ऐकून ती थांबली. चौकशी केली तर बुरोंडीचा निघाला, तिच्या माहेराजवळचाच. राहायला खोर फक्कानला होता. एका शुक्रवारी तिकडे या, असं त्यानं आग्रहानं सांगितलं. समुद्र आहे, डोंगर आहेत, शिवाय खलफान नावाचा एक म्हातारा अरबी कोळी ओळखीचा आहे, त्याच्या घरी जेवूया.

विजयकुमारनं दोनदा टाळलं. तिसऱ्या वेळी प्रमिलानं परस्पर तारीख कळवून टाकली.

सकाळी निघाले. धैद मागे पडलं, उघडे तपकिरी डोंगर सुरू झाले, मसाफीला चहा झाला आणि घाट उतरून समुद्र दिसला तशी प्रमिलानं काच खाली केली. एसी चालू आहे, असं त्यानं सांगितलं. तिनं ऐकलं नाही.

यूनुस कॉर्निशवर, समुद्राकाठच्या रस्त्यावर, वाट पाहत होता. तिशीचा, काळासावळा, हसरा. त्यानं विजयकुमारला ‘साहेब’ म्हटलं आणि प्रमिलाला ‘ताई’. पुढच्या दहा मिनिटांत ती दोघं अशा बोलीत शिरली की विजयकुमारला निम्मं कळेना. हेल वेगळे, शब्द वेगळे. प्रमिलाचा आवाजच वेगळा होता, मोठा आणि मोकळा. या आवाजात ती आपल्याशी कधी बोलली नाही, हे त्याच्या लक्षात आलं.

यूनुस त्यांना आधी डोंगराच्या पायथ्याशी खजुराच्या बागेत घेऊन गेला. झाडांमधून दगडी पाट वाहत होता. फलज म्हणतात, त्यानं सांगितलं, डोंगरातलं पाणी असं बागेत आणतात आणि घराघराची पाळी ठरलेली असते. प्रमिलानं चपला काढल्या, सलवार वर खोचली आणि पाण्यात उतरली. आमच्या वाडीतही असाच पाट होता, ती म्हणाली. यूनुसनं लगेच विचारलं, सुपारीला ना? हो, सुपारीला. विजयकुमार काठावर बूट घालून उभा. सासुरवाडीला तो तीनदा गेला होता, तिन्ही वेळा सकाळी जाऊन संध्याकाळी परतला होता. तिथं पाट आहे हे त्याला माहीत नव्हतं.

तिथून समुद्रावर. खलफानची माणसं जाळं ओढत होती. पांढरा कंदुरा, अरबी लांब झगा, गुडघ्यापर्यंत बांधलेला म्हातारा खलफान काठावरून ‘यल्ला, यल्ला’ करत होता. प्रमिला थोडा वेळ बघत राहिली, मग सरळ जाऊन दोर धरला. पाय कसे रोवायचे, अंगाचा भार मागे कसा टाकायचा, हे तिला सांगावं लागलं नाही. खलफान मोडक्या हिंदीत यूनुसला म्हणाला, ही समुद्रवाल्यांची मुलगी आहे. ईशानी आईकडे टक लावून पाहत होती.

“बाबा, आय डिडन्ट नो मम्मा वॉज सो स्ट्राँग,” ती म्हणाली.

मलाही नव्हतं माहीत, असं त्याच्या ओठांवर आलं.

जेवण खलफानच्या अंगणात, चटईवर. मोठ्या ताटात भात आणि त्यावर मालेह, म्हणजे महिनोन्‌महिने मिठात मुरवलेली सुरमई. विजयकुमारपुढे खमीरची गरम पोळी, खजूर आणि मध. प्रमिलानं एकदा त्याच्याकडे पाहिलं. परवानगीसाठी नव्हे, नुसतंच पाहिलं. मग हात पुढे केला. पहिल्या घासाला तिचे डोळे भरून आले. यूनुसनं पाण्याचा पेला तिच्याकडे सरकवला आणि म्हणाला, “आवस अशीच खारवायची ना, ताई?” हो, आई अशीच खारवायची, अशी तिनं मान हलवली. ईशानीला ती काटे काढून भरवू लागली आणि पोरगी मुकाट्यानं खाऊ लागली.

यूनुस तिला ताई म्हणत होता, त्यामुळे संशयालाही जागा नव्हती. जागा असती तर विजयकुमारला बरं वाटलं असतं. भांडता तरी आलं असतं. त्या परक्या पोराला एका सकाळीत जे मिळालं, ते आपल्याला अकरा वर्षांत मिळालं नाही, एवढंच होतं, आणि त्यावर कोणाशी भांडणार?

यूनुस बंदर दाखवणार होता, संध्याकाळपर्यंत थांबायचं ठरलं होतं. विजयकुमार घड्याळ बघून उठला. उद्या सकाळी साइटवर इन्स्पेक्शन आहे, निघायला हवं, म्हणाला. प्रमिलानं हात धुतले. यूनुसचा चेहरा उतरलेला त्यानं पाहिला आणि त्याला बरं वाटलं. त्या बरं वाटण्याची लाजही लगेच वाटली, पण गाडी त्यानं वळवली.

घाटात ईशानी मागे झोपली. मसाफीच्या शुक्रवार बाजारात, गालिचे टांगलेल्या दुकानांपुढे, त्यानं पाणी घ्यायला गाडी थांबवली. तेव्हा प्रमिला म्हणाली, “उद्या इन्स्पेक्शन नाहीये. विलासभाऊंची कुंदा परवा म्हणाली, शनिवारी साइट बंद आहे म्हणून.”

विलास त्याच्याच ऑफिसातला, कुंदा त्याची बायको. विजयकुमारचे कान तापले.

“मग तिथंच का नाही बोललीस?”

“त्या लोकांसमोर तुम्हाला खोटं पाडायचं नव्हतं मला.”

रागावलात का, असं तिनं विचारलं असतं तर सोपं गेलं असतं. ती खिडकीबाहेर बघत होती.

“मला त्याचा हेवा वाटला,” तो शेवटी म्हणाला. “तुझ्या घरचं त्याला सगळं माहीत. मला काहीच नाही.”

“त्यालाही माहीत नव्हतं. त्यानं विचारलं.” ती त्याच्याकडे वळली. “तुम्ही अकरा वर्षांत एकदाही विचारलं नाहीत. मासे सोडलेस ते कसं गं, एवढंसुद्धा नाही. पुढच्या महिन्यात मी खोर फक्कानला परत जाणार आहे. तुम्ही आलात तर गाडीनं, नाहीतर मी आणि ईशानी टॅक्सीनं.”

“येईन,” तो म्हणाला.

पाण्याची बाटली घेऊन तो परत आला, गाडी सुरू केली. काही मैल गेल्यावर त्यानं विचारलं, तुला दोर ओढायला कोणी शिकवलं?

वडिलांनी, ती म्हणाली. विजयकुमारला सासरे फक्त भिंतीवरच्या फोटोत माहीत होते, लग्नाआधीच वारलेले. प्रमिला हळूहळू बोलू लागली. पहिल्यांदा होडीत नेलं तेव्हा ती सात वर्षांची होती. उलटी झाली, तर वडिलांनी स्वतःच्या टोपीत समुद्राचं पाणी घेऊन तिचं तोंड धुतलं आणि आईला सांगू नकोस म्हणाले. तिनं आजपर्यंत कोणाला सांगितलं नव्हतं. सांगताना तिचा आवाज पुन्हा सकाळचा झाला, मोठा आणि मोकळा.

धैद येईपर्यंत ती वडिलांबद्दलच बोलत होती. विजयकुमारला आता त्या माणसाचाही हेवा वाटत होता. तरी ती थांबली की तो पुढचं विचारत होता.