एका ताटातल्या तिघी

मी 'सुबिरा' बोटीच्या इंजिनाची बॅटरी बोलतेय. हळूच बोलते, कारण कोण कान देऊन ऐकत असेल याचा नेम नाही. माझा कुणावर विश्वास नाही बाई.

मोम्बासाच्या दुकानातून मला आणलं, तेव्हा मी नवीकोरी होते. पाते बेटावरच्या फाझा गावचे नाखवा ब्वानाखेरी, त्यांची ही बोट. माझं काम एकच, इंजिन सुरू करून द्यायचं. ते फिरायला लागलं की त्याचा अल्टरनेटर माझं पोट पुन्हा भरायचा. झालं, आमचा संसार एवढाच.

मग त्या दोघी बॅटऱ्या आल्या. चांगल्या थोराड, जाडजूड. दिवे, रेडिओ, मासळीचा फ्रीज आणि निम्म्या गावाचे मोबाइल त्यांच्या गळ्यात. त्यांच्यासाठी टपावर सोलर पॅनेलसुद्धा बसवलं. बसल्या जागी ऊन खाणाऱ्या! या बयांवर नजर ठेवायची, हे मी तेव्हाच ठरवलं.

इंजिन सांभाळणारा शे हा नाखव्यांचा मेहुणा. तो म्हणाला, "दाजी, इंजिनवालीची चूल वेगळी राहू दे."

"का रे? सवती आहेत का त्या?" नाखवा हसले. "आपण सगळे एका ताटात जेवतो. माझ्या बोटीवर दोन चुली नकोत."

आमच्याकडे वेगळं ताट घेणारा एकतर रुसलेला असतो, नाहीतर आजारी. त्यामुळे शेनं पाना उचलला. जाड वायरीनं आम्हा तिघींना एकत्र बांधलं.

आणि मला जी शंका होती तेच झालं. काही महिन्यांनी सकाळी उठावं तर पोटात खड्डा! दिवसभर ऊन, वर अल्टरनेटर, मग माझा घास गेला कुठे? दुसरं कोण खाणार? पॅनेलही त्यांनाच झुकतं माप देतं, असं मला वाटायचं. शेचाही संशय यायचा. उठसूट माझ्याच पाठीवर हात ठेवून म्हणायचा, "ही गरम का लागते?" मेल्या, संतापानं लागते!

असे सहा महिने गेले. एका सकाळी नाखव्यांची बायको म्वानातुमू हिला कळा सुरू झाल्या. दवाखाना पलीकडच्या बेटावर, लामूला. भरती आहे तोवर म्कांडाच्या खाडीतून निघायला हवं, नाहीतर बोट चिखलात रुतते आणि सहा तास हलत नाही. इंजिन कसंबसं सुरू झालं. पण ऐन खाडीत पंख्यात जाळ्याचा तुकडा अडकला आणि ते बंद पडलं. शेनं बुडी मारून जाळं कापलं. नाखव्यांनी किल्ली फिरवली.

माझ्यातून नुसतं 'टक्' आलं.

"पाणी उतरतंय, दाजी!"

"अरे देवा! काल तर सगळ्या भरलेल्या होत्या!"

म्वानातुमू कठडा धरून ओरडली, "पुरे झालं तुमच्या एका ताटाचं कौतुक! त्या ताटावर कुणीतरी आजारी आहे, तिला उठवा आधी!"

"कुणाला उठवू?"

"जी गरम लागते तिला! माझा भाऊ घसा कोरडा करतोय, तुम्ही ऐकता कुठे?"

शेनं तिघींवर हात ठेवला. मी मनात म्हटलं, आता सापडल्या चोरट्या! पण त्या दोघी गार होत्या. हात माझ्यावरच थांबला.

माझ्या वायरी त्यानं सोडल्या. माझा एक कप्पा कधीच मेला होता, आणि त्या दोघींच्या पोटातलं मीच ओढून घेत होते. मला लाज वाटली, खूप लाज वाटली. तिथून पंधरा मिनिटं त्या दोघींनी भर उन्हात पोट भरलं. काठाच्या झाडांची मुळं उघडी पडत चालली होती. म्वानातुमूचं ओरडणं ऐकवत नव्हतं. शेवटी शेनं इंजिन त्यांना जोडलं. किल्ली फिरली, इंजिन धडधडलं, आणि तळ चिखलाला घासत बोट निघाली. तिसऱ्या प्रहरी, अस्रच्या बांगेला, लामूत मुलगी झाली. मायलेकी सुखरूप.

मी आता शेच्या अंगणात पडून आहे. परवा मला वितळवायला मोम्बासाला पाठवणार म्हणे. पाठवा, पण समुद्रात तेवढी टाकू नका. माझ्या पोटातलं तेजाब माशांना सोसायचं नाही.

शे, जाता जाता एक मागणं. ज्यांना मी चोर म्हटलं, त्या सहा महिने मला भरवत होत्या. त्यांना सांग, माझं चुकलं. नवी बॅटरी आणशील तिची चूल वेगळी ठेव. आणि ती कधी गरम लागली, तर तिचं काही ऐकू नकोस. ती म्हणेल, संतापानं लागते.