रमणीचा दम

रमणीची किंकाळी ऐकू आली तेव्हा मी परसात शिंपल्या उकडत होते. झारा तिथेच टाकून धावले. मनात एकच भीती: तिच्या हृदयात बसवलेलं ते बटण निसटलं. एर्नाकुलमच्या दवाखान्यातून तिला आणून जेमतेम दोन आठवडे झाले होते, आणि ती साधी खोकली तरी मी हातातलं काम टाकायचे.

रमणी माझी नणंद, मला चेची म्हणजे ताई म्हणते. तिच्या घरी दिवसभर कोणी नसतं म्हणून बरं होईपर्यंत ती आमच्याकडे, माहेरी राहत होती. ती अंगणात फणसाखाली उभी होती. एका हातात फोन, दुसरा छातीवर, चेहरा भूत बघितल्यासारखा.

"काय झालं? दुखतंय?"

"नाही."

"मग ओरडलीस कशाला?"

"चेची, मी होडीच्या धक्क्यापासून इथवर चालत आले."

"बरं, मग?"

"फोनवर बोलत. शेजारच्या शीलाशी भांडत होते. ती बोलत होती, मी बोलत होते, आणि मी चालत होते. एकदाही थांबले नाही."

मला काही कळेना. धक्का आमच्या घरापासून असा कितीसा लांब! तिने माझं मनगट घट्ट धरलं.

"तुम्ही सगळे असेच चालता?"

"म्हणजे कसे?"

"बोलत बोलत. रोज?"

"हो."

"आणि दम?"

"कसला दम, रमणी?"

ती मटकन खाली बसली. जांघ अजून दुखरी, बसू नकोस म्हटलं तरी बसली. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. मला आधी वाटलं आनंदाने रडतेय. तसं नव्हतं.

"मला वाटायचं सगळ्यांनाच लागतो," ती म्हणाली. "तुम्ही सोसता आणि मी सोसत नाही, एवढंच. मी रडतराऊत. अम्मा म्हणायची तशी आळशी."

त्रेचाळीस वर्षं तिने असं मानलं होतं.

आमचं घर मुहम्म्याला, कायलाच्या काठावर. कायल म्हणजे समुद्रालगतचं मोठं तळं; त्याच्या खाऱ्या-गोड्या पाण्याच्या तळाशी शिंपल्या असतात. पुरुष बुड्या मारून त्या काढतात, बायका उकडून, चाळण मारून मांस वेगळं करतात, शिंपले चुन्याच्या भट्टीला जातात. माझा नवरा पुष्करन, रमणीचा थोरला भाऊ, इथला नावाजलेला बुडीवाला. तो पाण्याखाली गेला की होडीतली पोरं तो कधी वर येतो याची पैज लावायची आणि हरायची. त्याच्या जोडीला ही बहीण. शिंपल्यांची टोपली उचलली की चार पावलांवर खाली ठेवणार, चाळण मारताना मध्येच भिंतीला टेकणार. तो तिला कासव म्हणायचा. लग्नातसुद्धा मांडवात सगळ्यांसमोर म्हणाला होता, "जावईबापू, मुहूर्त लवकरचा धरायला हवा होता, आमचं कासव पोचेस्तोवर दुपार होईल." सगळे हसले. मीही हसले होते.

सासूबाईंचं, म्हणजे भार्गवी अम्मांचं, बोलणं हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. लहानपणी पाण्याची कळशी आणताना रमणी वाटेत थांबली म्हणून त्यांनी तिला माडाच्या झावळीच्या देठाने मारलं होतं. पोटरीवर तो वण अजून आहे.

या वर्षी तिचा खोकला काही केल्या जाईना, म्हणून ती आरोग्य केंद्रात गेली. तिथे नवीन आलेल्या डॉक्टरीणबाईंनी छातीला नळी लावली आणि काढेचनात. मग एर्नाकुलम, मग तपासण्या. हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला बोराएवढं भोक, जन्मापासूनचं. मांडीच्या शिरेतून नळी घालून त्यांनी तारेच्या जाळीचं दुहेरी बटण तिथे नेऊन बसवलं. छाती उघडलीसुद्धा नाही. तिसऱ्या दिवशी रमणी घरी.

त्या फणसाखालच्या सकाळनंतर रमणी बदलली. रडणं एक दिवस, मग संताप. मांडी काळीनिळी पडलेली, जड उचलायला बंदी, रक्त पातळ करायच्या गोळ्या, मध्येच हृदयाचा ठोका चुकल्यासारखं व्हायचं आणि ती दचकायची. पण जीभ मोकळी होती. पाटावर बसून ती हिशेब काढायची.

"अम्मे, ती कळशी आठवते?"

सासूबाई चुलीकडे वळायच्या.

"आणि माझं शाळेतलं नाव काढलंस, चालायला कुरकुर करते म्हणून?"

सासूबाई तिच्या पुढ्यात पेजेची वाटी ठेवायच्या, वर लोणचं, बाजूला भाजलेला सुका मासा. पुष्करन तर तिच्या आसपास फिरकायचाच नाही. कासव हा शब्द घरातून गेला. खरं सांगते, मला जरा मजा वाटत होती.

महिन्याने तिला पुन्हा दाखवायला न्यायचं होतं. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, असं भोक कधीकधी घराण्यात असतं, भावंडांना, मुलांना घेऊन या. मुलांचं तपासून झालं, सगळी ठणठणीत. राहिला पुष्करन.

"माझं काय बघायचंय?" तो म्हणाला. "माझं हृदय बघायला त्यांना पाण्याखाली यावं लागेल."

तरी आला. पंखा लावलेल्या खोलीत बनियन काढून झोपला आणि छातीवर थंडगार चिकट औषध लावणाऱ्या मुलीशी थट्टा करत राहिला. "बघ गं, आत एखादी करीमीन मासळी सापडली तर अर्धी तुझी." ती हसली. मग हसायची थांबली. यंत्र तिने थोडं सरकवलं, परत तिथेच आणलं. बाहेर जाऊन मोठ्या डॉक्टरांना बोलावून आणलं. त्यांनी पडद्याकडे बघितलं, मग पुष्करनकडे, मग दाराशी उभ्या असलेल्या रमणीकडे.

"तुम्ही दोघं सख्खी भावंडं ना?"

"हो," रमणी म्हणाली.

"यांचं भोक तुमच्यापेक्षा मोठं आहे."

पुष्करन उठून बसला आणि म्हणाला, "डॉक्टर, चुकून हिचा फोटो बघताय तुम्ही."

"नाही."

"मी काल बुडी मारून आलोय. चार टोपल्या काढल्या."

"उद्यापासून मारायची नाही."

परतीच्या बसमध्ये तो खिडकीशी बसला. शर्टाची बटणं चुकीची लागली होती, ती त्याने शेवटपर्यंत तशीच ठेवली. मी पंचवीस वर्षं या माणसाशेजारी निजले होते. त्याच्या छातीवर कान ठेवला होता. मला काहीच ऐकू आलं नव्हतं.

घरी कळल्यावर सासूबाई उंबऱ्यात बसल्या त्या दिवे लागेपर्यंत उठल्या नाहीत. पुष्करनने होडी वर ओढून उलटी घातली आणि पलंगावर आडवा पडून छताकडे बघत राहिला. विडीला हात लावला नाही. रमणीच त्याच्या उशाशी बसून समजावत होती. बटण कसं आत जातं, भूल उतरल्यावर घसा कसा दुखतो, जांघ कशी सुजते. तो ऐकतोय की नाही कळत नव्हतं.

रविवारी दुपारी सगळे जेवायला बसलो. रमणीचा नवरा सुगुणन पण आला होता. मी भाताबरोबर लाल कालवण वाढलं. रमणी काहीतरी जुनं काढून बोलत होती, बहुतेक त्या कळशीचंच. आणि सासूबाई एकदम उसळल्या.

"पुरे! त्याच्याही हृदयाला भोक आहे ना? तुझ्यापेक्षा मोठं? तो चाळीस वर्षं बुड्या मारतोय. एकदा तरी टेकला भिंतीला? मग तू काय मला भोकाचं सांगतेस? भोक दोघांना होतं. आळशी तूच होतीस."

रमणीचा घास हातातच राहिला. तिचा चेहरा मला बघवेना. महिनाभर तिला जे मिळालं होतं, पहिल्यांदाच मिळालं होतं, ते आईने एका वाक्यात काढून घेतलं. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे तिला ते पटलं. तिने मान खाली घातली. लहानपणी घालत असेल तशी.

सुगुणन "अम्मे, असं नका..." म्हणाला आणि त्याने रमणीपुढे पाण्याचा तांब्या सरकवला.

पुष्करनने भात बाजूला सारला.

"मी टेकायचो," तो म्हणाला.

"काय?" मी विचारलं.

"होडीला. वर आलो की डोळ्यांपुढे काळं व्हायचं. काही दिसायचं नाही, कानात घूं घूं. म्हणून मी होडीच्या पलीकडच्या अंगाने वर यायचो. कडेला लटकायचो. टोपली धुतोय असं दाखवायचो."

"कधीपासून?"

"नीतू झाली त्याच्याही आधीपासून." नीतू आमची मुलगी, तिचं लग्न होऊन गेलंय. "दोनदा हात सुटला. एकदा होडीतल्या वासूने केस धरून मला वर काढलं. त्याला सांगितलं, पायात गोळा आला."

"आणि आम्हाला?" माझा आवाज फाटला.

"काय सांगू? मीही कासव आहे म्हणून?"

रमणी उठली, ताटं ओलांडून त्याच्याकडे गेली आणि उष्ट्या हातानेच त्याच्या पाठीत एक सणसणीत धपाटा घातला. मग दुसरा.

"मेला असतास! त्या चिखलात तळाशी पडला असतास आणि आम्ही इथे तुझी टोपली मोजत बसलो असतो! मला नावं ठेवायला तोंड होतं, स्वतःचं सांगायला नव्हतं?"

तो मार खात राहिला. पांढऱ्या बनियनवर तिच्या हाताचा लाल ठसा उमटला होता.

सासूबाई उठून मागच्या दाराने बाहेर गेल्या. थोड्या वेळाने मी गेले तर त्या शिंपल्यांच्या ढिगाशेजारी दगडावर बसल्या होत्या. मी म्हटलं, "आत चला, जेवा." त्यांनी माझ्याकडे न बघता विचारलं, "लतिके, तुला खरंच लागत नाही?"

"काय, अम्मे?"

"दम. पाणी आणताना. चढताना. पोरं पोटात असताना."

"इतका नाही लागत."

"मला लागायचा," त्या म्हणाल्या. "कायम. आईला सांगितलं तर ती म्हणाली, बाईमाणसाला लागतोच, बोलून दाखवायचं नसतं. मी नाही दाखवलं. ही पोरगी दाखवायची. मला वाटायचं, मी सोसते तर हिला काय धाड भरलीय?"

मागे चाहूल लागली म्हणून वळले, तर दारात रमणी उभी. तिने सगळं ऐकलं होतं. मला वाटलं आता ही आईच्या गळ्यात पडेल. तसं काही झालं नाही. ती दारातूनच म्हणाली, "मारलंस मात्र खूप."

"हो," सासूबाई म्हणाल्या. "मारलं."

पुढच्या महिन्यात पुष्करनच्या हृदयात बटण बसलं. भोक मोठं, कडा पातळ, कदाचित छाती उघडावी लागेल असं डॉक्टर म्हणाले होते. आम्ही बाहेर बाकावर बसलो होतो तेव्हा रमणीने माझा हात सोडला नाही. पण निभावलं, नळीनेच झालं. घरी आल्यावर मात्र या नावाजलेल्या बुडीवाल्याने आम्हाला वैताग आणला. शिंक आली की नाक दाबून धरायचा, बटण उडेल म्हणून. रमणी दारातून आपल्या दादावर ओरडायची, "शिंक रे चेट्टा! मी पन्नास वेळा शिंकलेय, इथेच आहे!" अर्धं वर्ष पाण्यात उतरायचं नाही म्हटल्यावर तो माझ्याशेजारी बसून चाळण मारायला शिकला. वाईट मारतो.

सासूबाईंना न्यायचं म्हणजे महाभारत. "माझं भोक माझ्याबरोबर जाईल," हे एकच पालुपद. शेवटी दोन्ही पोरांनी एका सकाळी त्यांना धरून रिक्षात घातलं. वाटभर त्या रिक्षावाल्याकडे पोरांच्या तक्रारी करत होत्या.

होतंच भोक. सगळ्यांत जुनं. डॉक्टरांनी पडदा बघितला आणि खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसले. या वयात आता ते बंद करण्यात धोका जास्त, फुप्फुसांवर ताण येऊन गेलाय, गोळ्या घ्यायच्या, पाय सुजले तर लगेच यायचं. एवढ्यावर दोन मुलं कशी वाढवलीत, असं त्यांनी विचारलं. सासूबाईंना प्रश्न कळलाच नाही.

"म्हणजे काही करायचं नाही?" त्यांनी विचारलं.

"गोळ्या. आणि विश्रांती."

"मग एवढ्यासाठी आणलंत मला?" त्या पोरांवर खेकसल्या.

बाहेर येताना जिन्याच्या पहिल्या वळणावर त्या कठड्याला धरून थांबल्या. आम्ही तिघंही थांबलो. कोणी घाई केली नाही. त्यांनी इकडेतिकडे बघितलं, कोणी हसतंय का ते पाहिलं असावं. मग म्हणाल्या, "खाली केळ्याची भजी मिळतात ना? येताना वास आला होता."

पुष्करन भजी आणायला गेला. सासूबाई पायरीवर टेकल्या आणि रमणी त्यांच्या बाजूला बसली.