मिठाचा डबा

फार्मवर स्वयंपाक करणाऱ्या मावशीचं तोंड एवढं तिखट की मुकादम म्हणायचा, "हिच्या भाजीत मिरची कशाला हवी?" त्या सकाळी मात्र ती गप्प होती.

सरकारी तपासणीची गाडी येतेय अशी कुणकुण लागताच मालकानं गुरं टेकडीमागे हाकलून दिली होती, आणि त्यांच्याबरोबर राखणारे गडीही. त्यांतच मावशीचा मुलगा. कामावर आणलं तेव्हाच सगळ्यांची ओळखपत्रं काढून घेतलेली. बूट रोज संध्याकाळी मुकादम कुलपात टाकायचा; कुंपणापलीकडच्या जळक्या खुंटांवरून अनवाणी पळणार कोण? आज तर बूट बाहेरच काढले नव्हते. ही गाडी रिकामी परतली, तर पोराचा जन्म इथंच सडणार होता.

तपासणीच्या बाईंनी कुंपणापलीकडे बोट दाखवलं. "हे सरकारी जंगल चराईसाठी जाळलं कुणी?"

"वणवा हो, बाईसाहेब!" मालक हळहळला. "आमची गुरं ही गोठ्यातली, एवढीच. तिकडे आमचं खूरसुद्धा पडत नाही."

"आणि गडी?"

"मी, मुकादम आणि ही मावशी. अगदी घरच्यासारखी!"

"घरच्यासारखी!" मावशी पुटपुटली. "घरच्यांनाही कोंडून ठेवतोस का रे?"

पण मोठ्यानं सांगून उपयोग नव्हता. मागच्या तपासणीला सांगितलं, तेव्हा 'म्हातारीचं डोकं फिरलंय' म्हणून मालकानं हसण्यावारी नेलं होतं.

मुकादमाकडून मात्र घाईत एक गोष्ट राहून गेली होती. गुरांना सकाळचं मीठ मिळालं नव्हतं. ते रोज मावशीच वाटायची, पत्र्याचा डबा बडवून.

तिनं डबा काढला, पळी घेतली आणि कुंपणाशी जाऊन दणकावून वाजवायला सुरुवात केली.

"ए, बंद कर!" मालक ओरडला.

"का? डोकं फिरलंय ना माझं? वाजवू दे की!"

टेकडीवर आधी धूळ दिसली, मग शिंगं. शेपट्या उंच करून अख्खा कळप जळक्या रानातून उधळत आला. गुडघ्यापर्यंत राखेनं काळा, आणि प्रत्येकाच्या पुठ्ठ्यावर मालकाच्या खुणेचा डाग. मागून आवरायला धावणारे गडी, सगळे अनवाणी.

"हा वणवा तर चारी पायांनी चालत आला," बाई म्हणाल्या आणि त्यांनी मालकाच्या गाडीची किल्ली मागून घेतली.

मुकादमानं मुकाट्यानं बुटांचं कुलूप काढलं. "नीट दे," मावशी कडाडली, "डावा-उजवा बघून!"

मुलानं बूट चढवले. पायांची चाळण झाली होती, तरी पोरगा हसत होता. "आई, चल लवकर, बाईंच्या गाडीत जागा धरलीय."

"थांब रे. एवढ्या लांबून हाक मारून बोलावलंय या गुरांना, तशीच पाठवू?" मावशीनं डबा काखोटीला मारला आणि मालकाकडे वळली. "बघताय काय? मिठाचं पोतं उचला. आज तुम्ही धरायचं, मी वाटणार."

मालकानं बाईंकडे पाहिलं. बाईंनी नुसती मान डोलावली.

त्यानं पोतं उचललं.