विहिरीकडची ओळ

पुण्याची नोकरी सोडून निकितानं बारामतीत स्वतःच्या धंद्यासाठी पत्र्याची शेड भाड्यानं घेतली आणि तेव्हापासून तिला लोकांच्या अडचणी शोधायचं वेडच लागलं. म्हणे, धंदा तिथंच सापडतो. कुणी नुसतं हुश्श केलं तरी ही विचारणार, "नेमका काय त्रास होतो?" शेवटी माणसं तिच्यासमोर हुश्श करायचीच बंद झाली!

अडचण सापडली ती इंदापूरजवळच्या घरच्या बागेत. डाळिंबांना उन्हाचे चट्टे पडू नयेत म्हणून तिकडं झाडांच्या ओळींवर जुन्या साड्या पांघरतात. बाजारातून साड्यांची गाठोडी आणायची, त्या सुतळीनं बांधायच्या, वाऱ्यानं सुटल्या की पुन्हा बांधायच्या, आणि काट्यांनी हात सोलून घ्यायचे. निकितानं पांढऱ्या जाळीचं आच्छादन शिवलं, कडेला चिमटे लावले. आता एक उन्हाळा ते बागेवर टिकवून दाखवलं की झालं. पण वडिलांनी, रामहरीतात्यांनी, साफ नकार दिला.

"आपल्या साड्या चांगल्या हायत," एवढं बोलून ते उठलेच. निकिताला ते फार लागलं. सख्ख्या बापाचा भरवसा नाही, तर परका शेतकरी कशाला दारात उभं करील?

फाटक्या साड्यांचे फोटो काढून तात्यांना दाखवावेत म्हणून ती तणतणत बागेत शिरली. विहिरीकडच्या शेवटच्या ओळीत मात्र तिचा हात थांबला. ही हिरवी साडी आई इंदापूरच्या बाजाराला नेसायची. ही पिवळी शाळेच्या गॅदरिंगला. नाचताना निकिता पडली, तेव्हा ह्याच पदरानं आईनं तिचं तोंड पुसलं होतं. त्या पदराला नेहमी शेंगदाणे बांधलेले असायचे. आई जाऊन सहा वर्षं झाली. तिच्या साड्या तात्यांनी वाटून टाकल्या, असंच निकिता समजत होती.

मागून तात्या आले. "ही ओळ सोड. बाकी समद्या बागंवर टाक तुझी जाळी."

"मग आधीच का न्हाय सांगितलं?"

"काय सांगू पोरी?"

साड्या पार विरल्या होत्या. खालची फळं काळवंडली होती. "तात्या, फळं करपत्यात की."

"ठावं हाय. करपू दे. सकाळी पाणी सोडाय आलो की वाटतंय, कौसल्या हितंच कुठंतरी खुरपतीय."

निकितानं हिरव्या साडीची सुटलेली सुतळी पुन्हा बांधली. मग तात्यांनी विचारलं, "जेवलीस का?"

"न्हाय. तुमी?"

"एकट्याला कुठं गोड लागतंय."

निकिताला रडू आवरेना. सहा वर्षं तात्या असेच जेवत होते आणि तिला ते कळलंही नव्हतं.