कुटुंबीयांच्या वतीने

“थांबा मॅडम. परत वाचा,” काशीराम म्हणाला.

मृणालीने मान वर केली. नुकसानभरपाईच्या कामासाठी मुंबईहून आलेली ही तरुण वकील सकाळपासून रत्नागिरीतल्या त्या हॉटेलच्या हॉलमध्ये बसून तोच मजकूर वाचत होती आणि तिचा घसा कोरडा पडला होता. चिपळूणपासून राजापूरपर्यंतचे गाडीवाले आले होते. बहुतेकांनी न वाचताच सह्या ठोकल्या होत्या. हा एकच गृहस्थ दुसऱ्यांदा वाचायला लावत होता.

“‘मी स्वतः आणि माझ्या कुटुंबीयांच्या वतीने असे लिहून देतो की, सदर वाहनाच्या धुरामुळे झालेल्या अथवा पुढे होणाऱ्या कोणत्याही त्रासाबाबत मी किंवा माझे कुटुंबीय यापुढे कुणाकडेही, कोणत्याही स्वरूपात तक्रार करणार नाहीत.’ बस्स, काका. एवढंच.”

“कुनाकडंही म्हंजे?”

“म्हणजे कोर्टात, ग्राहक मंचात, पेपरात, मोबाईलवर. कुणाकडेही.”

“आनि देवाकडं?”

हॉल हसला. मृणालीही हसली. “देवाकडे कशाला जाताय काका? चेक मिळतोय ना.”

काशीराम हसला नाही. त्याने विनोद केलाच नव्हता. आरे-वारेच्या वर सड्यावर, कातळाच्या माळावर, त्याचं गाव, आणि त्या गावात देवापुढे गाऱ्हाणं घालायचा मान त्याच्या घराकडे. शिमग्यात पालखी घरोघर जाते, तेव्हा त्या त्या घराची अडचण देवाच्या कानावर घालायची ती काशीरामने. कुणाच्या पोरीचं लग्न जमत नाही, कुणाचा मुलगा बोटीवर गेलाय आणि फोन लागत नाही, कुणाची म्हैस आटली. काशीरामने एक वाक्य बोलायचं आणि गावाने ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. एरवी माणूस घुमा. दोन शब्दांत भागत असेल तर तिसरा खर्च करणार नाही. पण पालखीपुढे उभा राहिला की त्याचं बोलणं असं वाहायचं की मुंबईहून आलेली पोरंसुद्धा फोन खाली ठेवून ऐकायची. आणि त्याचा स्वतःचा एक कायदा होता. देवापुढे जे बोललं ते पाळायचं आणि जे लिहून दिलं ते देवापुढेही मोडायचं नाही. असली माणसं व्यवहारात मार खातात. काशीरामनेही खाल्ला.

“करा सही, काका,” मागून कोणीतरी म्हणालं. “जेवनाची येळ झाली.”

त्याने सही केली.

गाडी घेऊन बरीच वर्षं झाली होती. पांढरी, डिझेलची, परदेशी कंपनीची. काशीराम ती जयगडच्या बंदरावर लावायचा. बोटीवरून उतरलेल्या साहेबांना स्टेशनावर सोडायचं, चढणाऱ्यांना आणायचं. गाडीवर त्याचा भारी जीव. धूर तपासून घ्यायची तारीख त्याने कधी चुकवली नाही, आणि दरवेळी गाडी पैकीच्या पैकी मार्कांनी पास. “बगितलंस?” तो बायकोला म्हणायचा. “काळा धूर म्हनून न्हाय.”

मग एक दिवस बातमी आली की कंपनीने सगळ्या जगाला फसवलं. गाडीच्या पोटात असा काही चलाख मेंदू बसवला होता, की प्रयोगशाळेत तपासणी चालू आहे हे तिला कळायचं. तेवढ्यापुरती ती साळसूदपणे श्वास सोडायची. रस्त्यावर आली की कित्येक पटींनी विषारी वायू बाहेर. डोळ्यांना दिसत नाही, पण छातीत जाऊन बसतो असा. परदेशात खटले झाले, इथेही झाले, शेवटी तडजोड झाली आणि तो कागद रत्नागिरीच्या हॉलपर्यंत पोचला.

आता त्याच्या बायकोबद्दल, कमळाबद्दल, सांगितलं पाहिजे, कारण या गोष्टीत सगळं तिच्याच वाट्याला आलं.

काशीरामच्या घराकडे जाणारी पाणंद अरुंद. दोन्ही बाजूंना चिऱ्याचे गडगे, आणि घरापुढच्या खळ्यात गाडी वळवायला जागा नाही. म्हणून रोज पहाटे गाडी उलटी, चढावरून मागे मागे नेत रस्त्याला लावावी लागे. काशीरामला आरशावर भरवसा नव्हता. त्याचा भरवसा कमळावर. ती बॅटरी घेऊन गाडीच्या मागे उभी राहायची आणि एक एक पाऊल मागे सरकत त्याला वर घ्यायची. “येव द्या, येव द्या. गडग्याला लागंल, उजवीकडं घ्या. बस्स.” लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण दोघांचं दिवसातलं सगळ्यात लांब संभाषण हेच. थंडीत इंजिन गरम व्हायला वेळ लागायचा, तोवर ती तिथेच, धुराच्या नळीच्या मागे, पदराने कान झाकून उभी. नाक झाकायचं तिला कोणी सांगितलं नव्हतं.

सही करून आला त्यानंतरच्या पावसाळ्यात तिला खोकला धरला. आधी आल्याचा रस, मग गावातल्या डॉक्टरचं पातळ औषध. खोकला काही हलेना.

दिवाळीच्या सुमाराची एक पहाट. काशीराम गाडी उलटी घेत होता. आरशात कमळाच्या हातातली बॅटरी हलत होती, तिचा आवाज येत होता. “येव द्या. येव...” मग आवाज आला नाही. उजेडाचा ठिपका एकदम खाली गेला आणि जमिनीलगत थांबला.

काशीरामने ब्रेकवर पाय रोवला. उतरला तेव्हा ब्रेकच्या लाल उजेडात त्याला दिसलं, की कमळा गडग्याला टेकून बसली आहे, चाकापासून हातभर अंतरावर, आणि तोंड उघडं टाकून हवा ओढते आहे. हवा आत जात नव्हती.

“काय झाला गो?”

तिने हाताने खूण केली. आधी गाडी बंद करा.

रत्नागिरीतल्या मोठ्या डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला, नळीत फुंकायला लावलं. मग विचारलं, “स्वयंपाक चुलीवर करता?”

“न्हाय. ग्यास हाय की,” कमळा म्हणाली.

“घरात विडी-सिगारेट?”

काशीरामने मान हलवली.

“मग धूर कुठला?”

काशीरामने पाणंदीचं सांगितलं. बॅटरीचं सांगितलं. गाडीचं नाव सांगितलं, तेव्हा डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. “हे बघा, त्यानेच झालं असं मी लिहून देऊ शकत नाही. त्याने झालं नाही, असंही लिहून देणार नाही. पण फुप्फुसं आता मागे यायची नाहीत. जपायचं.”

परतीच्या वाटेवर ती मागच्या सीटवर काच खाली करून बसली होती. वारा आत येत होता. मग म्हणाली, “त्या कागदात माझा नाव हुता?”

“नाव न्हवता.”

“मंग?”

“कुटुंबीय, असा हुता.”

“म्हंजे मीच की.” आणि बाहेर बघत, “मला इचारायचा तरी.”

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर काशीरामला बरं वाटलं असतं. त्याला एवढंच कळलं, की जगाची गाऱ्हाणी घालणाऱ्या माणसाने स्वतःच्या बायकोचं गाऱ्हाणं तिला न विचारता विकून टाकलं आहे. ते विकताना त्याला माहीत नव्हतं, हे खरं. पण मजकूर दोनदा ऐकला होता, हेही खरं.

गाऱ्हाणं विकून आलेल्या पैशांतून ऑक्सिजनचं मशीन आलं. ते पडवीत घरघरत राहिलं.

काशीराम भांडला असता. वकील गाठायचं त्याच्या मनात होतंही. पण जानेवारीत बंदराच्या गेटवरच्या चहाच्या टपरीवर गुहागरचा सुजय भेटला. त्याचीही तीच गाडी, तीच सही. त्याच्या बापाला दम्याचा त्रास सुरू झाल्यावर त्याने मोबाईलवर कंपनीला शिव्या देणारा व्हिडिओ टाकला होता.

“नोटीस आली, काका,” सुजय म्हणाला. आवाज इतका खाली, की टपरीवाल्यालाही ऐकू जाऊ नये. “पैसे व्याजासकट परत करा, वर अट मोडली म्हनून दंड. गाडी इकली मी. पुरत न्हाय. आनि व्हिडिओ बगितलानी किती जनांनी? साठ-सत्तर. त्यातलं कोन त्यांचं हुतं, काय म्हायती.”

“तू काय खोटा बोल्लास?”

“खरा-खोटा कोन इचारतो? बोल्लो, एवढंच.” त्याने कप ठेवला. “तुमी सांभाळून. काकीचा कुनाला सांगू नका.”

त्यानंतर काशीरामला फोनची धास्ती बसली. कुणाच्या हातात फोन दिसला की त्याचं तोंड मिटायचं. डॉक्टरकडे जाताना तो गाडी लांब उभी करायचा. पाणंदीच्या तोंडाशी एकदा अनोळखी मोटरसायकल उभी दिसली, तर ती निघून जाईपर्यंत हा खळ्यात येरझाऱ्या घालत होता. मोटरसायकल कुणा मासळीवाल्याची निघाली. पण भीती गेली नाही.

आणि फेब्रुवारीत तो फोन आला.

“नमस्कार, काशीरामकाका ना? भरपाई योजनेच्या कार्यालयातून बोलतेय. हा कॉल रेकॉर्ड होतो आहे.” बाईचा आवाज गोड होता, अगदी घरच्यासारखा. “सहज विचारायला केला. पैसे वेळेवर मिळाले ना?”

“मिळाले.”

“योजनेबद्दल समाधानी आहात?”

“हाय.”

“घरी सगळे बरे?”

काशीराम पडवीत उभा होता. चार हातांवर कमळा खाटेवर बसली होती, नाकात नळी. फोनमधलं बोलणं तिलाही ऐकू जात होतं. त्याने तोंड भिंतीकडे केलं. “बरे हायत.”

“कुणाची काही तक्रार?”

नेमका तेव्हाच तिला खोकला आला. तोंडात पदर कोंबूनही तिला तो आवरला नाही. ढास चांगलीच लांबली.

फोनमधल्या बाईने तितक्याच गोडीने विचारलं, “कोण खोकतंय काका?”

“ती... शेजारची हाय,” काशीराम म्हणाला.

“अच्छा. काळजी घ्यायला सांगा त्यांना.”

फोन बंद झाला. काशीराम वळला तेव्हा कमळा त्याच्याकडे बघत होती. तिने पदराने तोंड पुसलं आणि भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही, आणि नंतर कित्येक दिवस तो तिच्या डोळ्यांना डोळा देऊ शकला नाही.

शिमगा आला. चाकरमानी आले, ढोल घुमू लागले, पालखी तिच्या चौथऱ्यावरून, सहाणेवरून, निघाली. यंदाही गाऱ्हाणी काशीरामनेच घातली. वाडीतल्या गंगाच्या मुलाच्या नोकरीसाठी घातलं, दीपकच्या बोटीसाठी घातलं. प्रत्येक खळ्यात ‘व्हय म्हाराजा’ गडगडलं. पुतण्या गौरव पालखीपुढे फोन धरून चालत होता. ज्यांना रजा मिळाली नव्हती, त्यांना मुंबईत सगळं थेट दिसत होतं. “आतापर्यंत पाच हजार लोकांनी बघितलं, काका,” तो खुशीत सांगत होता.

मग पालखी काशीरामच्या खळ्यात आली. गंगाने ओटी भरली, कारण घरच्या बाईला उठवत नव्हतं. नारळ ठेवला गेला. ढोल थांबले. काशीराम पुढे झाला, हात जोडले.

“बा देवा म्हाराजा...”

“व्हय म्हाराजा!”

“सालाबादपरमानं तुझी पालखी ह्या खळ्यात आली...”

“व्हय म्हाराजा!”

“ह्या घरात...”

पुढे काही आलं नाही. गौरवचा फोन तोंडासमोर होता. काशीरामचे ओठ हलले. गाव वाट बघत राहिलं. सगळ्यांना ठाऊक होतं या घरात काय आहे. पडवीतलं मशीन साऱ्या खळ्याला ऐकू येत होतं. भोयांनी खांदे बदलले. कोणीतरी हळूच म्हणालं, “बोल रं, काशीराम.”

“ह्या घरात सगळा... सगळा बरा...” तो म्हणाला, आणि ते वाक्यही त्याच्याने पुरं होईना.

तेव्हा पडवीतून आवाज आला. “बा म्हाराजा.”

कमळा दाराच्या चौकटीला धरून उभी होती. नाकातली नळी तिने काढली होती. त्या गावात बाईने गाऱ्हाणं घातल्याचं कोणाला आठवत नव्हतं. म्हातारे एकमेकांकडे बघू लागले, पण तिला गप्प बस म्हणायला कोणी धजलं नाही.

“घरधन्यानं... लिवून दिलंय. त्येला... बोलता येत न्हाय.” दर दोन शब्दांनंतर ती हवा ओढत होती. “मी कुटं... सही न्हाय केली. मी बोलतंय.”

ढोलवाल्यांनी काठ्या खाली घेतल्या.

“रोज... फाटंची... त्या गाडीच्या मागं हुबी हुते. धूर... मीच खाल्ला. मग त्यांनी इचारलानी... कोन खोकतंय.”

ती थांबली. छाती वर-खाली होत होती. दोन बायका धावल्या, तिने हाताने त्यांना मागे सारलं.

“ती शेजारची न्हवं, म्हाराजा. ती... मी.”

पुढचं बोलायला तिच्याकडे श्वास राहिला नव्हता. गाऱ्हाणं पुरं झालं की अर्धंच राहिलं, हे गावाला उमगेना. होकार कुठे द्यायचा ते नेहमी काशीरामच्या आवाजावरून कळायचं, आणि तो तर गप्प होता. गौरवने गडबडीने फोन खाली घ्यायला हात आखडला.

काशीरामने त्याचं मनगट धरलं आणि फोन होता तिथेच, स्वतःच्या तोंडासमोर, आणून ठेवला. जन्मभर त्याने वाक्यं घातली होती आणि होकार गावाने दिला होता. या वेळी तो एकटाच म्हणाला, प्रत्येक अक्षर सुटं, कुठेही ऐकणाऱ्याला नीट कळावं असं.

“व्हय म्हाराजा.”