सासूबाईंचा दणका

वाळवंटातली मोटारशर्यत नऊ दिवसांवर आली तरी डोन्या ओब्दुलिया व्हियाविसेन्सिओ यांनी गाडीला होकार दिला नव्हता. पिकअप त्यांच्या नावावर होती आणि त्यांच्या शब्दावाचून तिचे चाक अंगणाबाहेर पडत नसे. आठ महिने खपून त्यांच्या मुलीने, मारीक्रूसने, गाडीच्या पोटातले सारे बदलले होते. बापाच्या हातचे स्प्रिंगचे जाड पाटे निघाले होते, पुढचे दांडे लांब झाले होते आणि प्रत्येक चाकाशी दंडाएवढे जाड शॉकअप उभे राहिले होते. पूर्वी चाक वीतभर वरखाली होई, आता हातभर खेळत होते.

"चांगल्या गाडीचा पाळणा केलास," डोन्या ओब्दुलिया म्हणाल्या.

"पाळणाच आहे. बसून तर बघ, डुलकी लागेल तुला."

"मला डुलकी लागली तर वाट कोण सांगणार? तुझा बाप वरून उतरणार आहे?"

मारीक्रूस हसली. त्या घरात शर्यतीचा एकच नियम होता आणि तो तिच्या बापाने, कैलासवासी नाबोरने, घालून दिला होता: चालवणाऱ्याने वाट आठवायची नाही, फक्त ऐकायची. दोन्ही कामे एका डोक्यात शिरली की हात चुकतात, असे तो म्हणे. म्हणून चौतीस वर्षे नाबोरने स्टिअरिंग धरले आणि शेजारून ओब्दुलियाने वाट सांगितली. तो गेल्यावर सहा वर्षे मुलीच्या शेजारीही त्याच बसत होत्या. कागद नाही, खुणा नाहीत. डावे, उजवे, ब्रेक, सोड, एवढेच शब्द, आणि ते कधी चुकले नव्हते.

मुलीला ठाऊक नव्हते ते एवढेच, की चार वर्षांपासून डोन्या ओब्दुलियांना समोरचे दिसत नव्हते. कडेचे दिसे, दार, भिंत, चुलीवरचे भांडे सापडे. परंतु जिथे नजर रोखावी तिथे राखेचा ठिपका बसलेला असे. शहरातल्या डॉक्टरने हा ठिपका वाढतच जाईल, पुसला जाणार नाही, असे सांगितले होते. त्यांनी ते कोणालाही कळवले नाही. कळवायचे कशाला? वाट त्यांच्या कण्यात होती. तीन बारीक ठोके बसले की ती कोंबडी. त्यानंतर दात वाजवणारी लांबलचक थरथर, तो धुण्याचा दगड. आणि त्यापुढे कंबरेत असा काही दणका बसे की तोंडून शिवी निघावी; त्याला त्यांनी स्वतःच्या सासूबाईंचे, डोन्या पेत्रोनीलांचे नाव दिले होते. सासूबाई भेटल्या की पाच मोजायचे आणि ओरडायचे, "ब्रेक, उजवे!" कारण सरळ जाणारी जुनी चाकोरी तिथे छातीइतक्या खोल कोरड्या नदीत कोसळत होती.

गाडी मऊ झाली तर हे सारे मुके होणार, आणि मग त्या जागेवर त्यांना बसवून घेण्याचे काहीच कारण उरणार नाही. पाट्यांवरून त्यांनी आठ महिने जो वाद घातला, त्याच्या तळाशी हे होते.

"मी परीक्षा घेईन," त्या अखेर म्हणाल्या. "मिशनच्या चर्चकडे जाणाऱ्या वाटेने, शर्यतीच्या वेगाने. सासूबाईंपाशी मी जागेवरून हलले, तर जुने पाटे परत बसवायचे. कबूल?"

"कबूल. पण हरलीस तर तोंड फुगवायचं नाही."

"मी कधी फुगवलंय?"

"नाताळात. तीन दिवस."

सकाळी वाळवलेल्या मांसाचा माचाका भरलेल्या पोळ्या फडक्यात बांधून दोघी निघाल्या. पट्टे आवळले, हेल्मेट चढवली, त्यांतल्या माइकमुळे कानात एकमेकींचा श्वास ऐकू येऊ लागला. गाव मागे पडताच मारीक्रूसने पाय दाबला. डोन्या ओब्दुलियांनी सवयीने डोळे मिटले, पाठ आसनाला लावली आणि कोंबडीची वाट पाहिली.

कोंबडी आली नाही.

इंजिन किंचाळत होते, खडे पत्र्यावर तडतडत होते, आणि अंगाला मात्र नदीत नाव तरंगावी तसे हेलकावे लागत होते. अजून यायची असेल, त्यांनी स्वतःला समजावले. धुण्याचा दगड तरी लपणार नाही. त्यांनी जबडा सैल सोडला, दात वाजतात का पाहिले. दात स्वस्थ होते. चाळीस वर्षांत ज्या वाटेवर त्या एकदाही हरवल्या नव्हत्या, त्या वाटेवर आपण कुठे आहोत हे त्यांना कळेना.

"आई, डावं का?"

त्यांनी डोळे उघडले. समोर राख होती. कडेने निवडुंगांचे उंच खांब मागे पळत होते, सगळे एकसारखे.

"आई! बोल ना!"

"सरळ," त्या म्हणाल्या, कारण सासूबाई अजून भेटल्या नव्हत्या.

पुढच्या क्षणी सगळा आवाज थांबला. चाकांखालचे खडे थांबले. पट्टे खांद्यांत रुतले, आणि आपण जमिनीवर नाही हे डोन्या ओब्दुलियांना उमगले. मेरी मातेचे नाव अर्धे उच्चारून होते न होते तोच गाडी खाली आली. आली, खोल दबली, दबत राहिली, आणि पिठाच्या पोत्यावर बसावे तशी स्थिरावली. वाळूत चार वाव सरकून ती उभी राहिली.

मारीक्रूसने हेल्मेट उपटले. "पाहिलंस? पाहिलंस का! नदीत उडी मारली आणि काचही तडकली नाही! हललीस का तू? सांग, हललीस?"

"नाही."

"मग जिंकले की मी!" आणि मग तिचा चेहरा हळूहळू उतरला. "आई, तू ओरडली का नाहीस? तू तर सरळ म्हणालीस."

डोन्या ओब्दुलियांनी हेल्मेट काढून मांडीवर ठेवले.

"मला दिसलं नाही."

"धूळ होती?"

"धूळ नव्हती. मला दिसत नाही, मारीक्रूस. चार वर्षं झाली."

मुलगी दार उघडून बाहेर गेली, दहा पावले चालली, परत आली.

"चार वर्षं! तासाला शंभरच्या वर चालवत होते मी. तुझ्या शब्दावर!"

"माझा शब्द कधी चुकला?"

"आज चुकला!"

मारीक्रूस वाळूत मटकन बसली आणि ओंजळीत तोंड धरून राहिली. मग उठून तिने गाडीतला पेचकस काढला. ती चारही शॉकअपपाशी वाकली आणि एकेक खटका शेवटपर्यंत आवळत गेली.

"हे काय करतेस?"

"कडक करते. तुला लागेल इतपत."

नदीचा काठ जिथे ढासळलेला होता तिथून वळसा घालून ती गाडी वर घेऊन आली आणि कोंबडीच्याही मागे जाऊन पुन्हा भरधाव सुटली. कोंबडीचे तीन ठोके बसले. दगड थरथरला. मग कंबरेत दणका असा बसला की डोन्या ओब्दुलियांच्या तोंडून सासूच्या नावाने शिवी निघाली, डोळ्यांत पाणी आले, आणि पाच मोजून त्या खच्चून ओरडल्या, "ब्रेक, उजवे!"

गाडी बरोबर वळली. पण मागचे टोक कुत्र्याने अंग झटकावे तसे उडाले, आणि मुलीच्या मनगटात कळ गेली, तिचा "आई गं" त्यांना कानात ऐकू आला.

"खटके सैल कर," डोन्या ओब्दुलिया म्हणाल्या.

"राहू दे. चालवीन मी अशीच."

"सैल कर म्हणते ना! आठ महिन्यांचं काम माझ्या म्हातारपणापायी नासवणारी मुलगी मी वाढवली नाही. आणि तुझ्या बापाचा नियम आजपासून बंद. चालवणाऱ्याने ऐकायचंही आणि आठवायचंही."

खटके सैल झाले. डोन्या ओब्दुलिया उतरल्या, चाकोरीतून पायाने चाचपत मागे चालत गेल्या आणि एका उंचवट्यावर टाच आपटून थांबल्या.

"ह्या सासूबाई. इथून पाच. आता सांग, इथे काय दिसतं?"

"दोन फाट्यांचा निवडुंग आहे. त्यावर घारीसारख्या पक्ष्याचं घरटं. केवढं मोठं, आई!"

डोन्या ओब्दुलियांनी त्या दिशेला तोंड केले. डोळ्यांनी दिसत होते त्या काळातही, दणक्याच्या धास्तीने इथे त्या दर वेळी डोळे मिटून घेत.

"आहे?" त्या म्हणाल्या. "कधीपासून?"