मधली वर्षं

वाळवीने दाराच्या कडीवरचा हिरवा रंग खरवडला. हातात पेन होतं आणि दार म्हणजे संगणकाच्या पडद्यावरचं चित्र, पण जीभ मात्र खरोखरच दातांत धरलेली होती. कडीला जिथे बोटं लागतात तिथला रंग आधी उडतो, मग तिच्या टोकाचा. आणि घरात कुणाला दार पायाने ढकलायची सवय असेल, तर खालच्या फळीवर एक काळपट चंद्र उमटतो. चंद्र काढून झाल्यावर ती मागे टेकली. जेवायच्या सुट्टीआधी एक नवंकोरं दार म्हातारं झालं होतं.

तिचं कामच ते. गेम बनवणाऱ्या त्या छोट्या कचेरीत बाकीचे लोक वस्तू घडवत आणि ही त्यांना वयात आणून पार उतारवयाला लावत असे. खुर्ची द्या, डुगडुगती करून मिळेल. आरसा द्या, डाग पाडून मिळतील. हात लावील ते पोखरते म्हणून सगळे तिला वाळवी म्हणायचे, आणि तिलाही त्याचं काही वाटत नसे. स्वतःचे केससुद्धा तिने कामाचा नमुना म्हणून पिकवलेत, असं मालक येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा.

गेम होता एका घराचा. पडद्याचे आडवे दोन भाग. वर ‘तेव्हा’, खाली ‘आता’. घर एकच, दोन खोल्यांचं. वर एक मुलगी धावायची. खाली तीच मुलगी बाई होऊन, भिंतीला हात लावत चालायची. वर मुलीने भिंतीच्या भोकात किल्ली लपवली की खाली बाईला ती गंजलेली सापडायची. वर कुंडीत बी टोचलं की खाली त्याच्या वेलाला धरून माळ्यावर चढता यायचं. अशी कोडी सोडवत शेवटच्या बंद दाराशी पोचायचं. घराचा नकाशा वाळवीनेच दिला होता. तो कुठून आणला हे कुणी विचारलं नाही, आणि न विचारलेलं सांगायची तिला खोड नव्हती.

“वाळवीबाई, खिडकीपाशी काय उद्योग करून ठेवलाय?” मालक दारातूनच ओरडला.

“खिडकीपाशी? काहीच नाही.”

“मग माझेच डोळे फुटले असतील.” तो तिच्या पडद्याशी येऊन वाकला. “हे बघा.”

खालच्या भागात, खिडकीखालच्या फरशीवर दोन खळगे पडले होते. उथळ, फिकट, शेजारीशेजारी. दगडी पायरी झिजते तसे.

“खेळून बघायला माणसं बोलावलीत ना, ती सगळी इथेच येऊन थांबतात. कोडं सोडवत नाहीत, काही नाही. काल एक जण उभा राहिला तो हलेचना. काय झालं विचारलं तर म्हणतो, कुणीतरी येणार आहे असं वाटतंय. कोड्याच्या खेळात साधा ओरखडाही सुगावा ठरतो, हे मी तुम्हाला सांगायचं? पुसून टाका.”

तिने पुसलं. चहा पिऊन आली तर खळगे होते तिथेच. जतन करायला विसरले असेन, असं मनाशी म्हणून तिने पुन्हा पुसलं. दुसऱ्या दिवशी ते जरा जास्तच खोल झाले होते. शिवाय खिडकीच्या चौकटीवर, कोपर टेकतं त्या उंचीला, लाकूड तुळतुळीत झालं होतं.

“बोक्या, हे तुझ्या यंत्राचे चाळे आहेत.”

बोका म्हणजे तिथला प्रोग्रामर. पावलांचा आवाज न करता मागे येऊन उभा राहायचा, म्हणून बोका. ‘तेव्हा’ आणि ‘आता’ यांच्यामध्ये वीसेक वर्षं होती आणि ती कुणीच चितारत नव्हतं, म्हणून त्याने एक पट्टी करून दिली होती. तिचं नाव ‘मधली वर्षं’. पट्टी सरकवली की घरात आपोआप धूळ बसायची, बिजागऱ्या गंजायच्या, भिंती पोपडे धरायच्या. मग वाळवी त्यावर हाताने शेवटचा साज चढवायची.

बोक्याने वाकून पाहिलं. “माझी पट्टी धूळ टाकते, बाई. तिला पाय नाहीत.”

“मग हे आलं कुठून?”

“तुम्हीच झोपेत काढत असाल. वाळवीला कुठे दिवसरात्र असते?”

स्वतःच्या विनोदावर तो हसला. ती हसली नाही. तिने चित्र मोठं केलं, आणखी मोठं केलं. डावा खळगा उजव्यापेक्षा खोल होता. उजव्याची फक्त पुढची कड झिजली होती, जणू तो पाय नुसता टेकवलेला असायचा आणि सगळा भार डाव्यावर.

तिने पेन खाली ठेवलं आणि दोन्ही हात मांडीवर घेतले.

तिची ताई लहानपणच्या तापानंतर अशीच उभी राहायची. उजव्या पायाचा चवडा टेकवून, चौकटीवर कोपर ठेवून. त्याच खिडकीत, त्याच दोन खोल्यांत, जिथे आई पडद्याआडच्या खाटेवर पडून असायची आणि ताई शिवणयंत्रावर लोकांचे कपडे शिवायची. धाकटी, म्हणजे वाळवी, वीसेक वर्षांपूर्वी एके सकाळी ‘निळं रीळ घेऊन आलेच’ म्हणून जिना उतरली. कपड्यांची पिशवी आदल्या दिवशीच मैत्रिणीकडे नेऊन ठेवली होती. पुढे आई गेल्याचं ताईने एका ओळीत कळवलं, तेव्हाही ही घरी गेली नाही. मग कोणत्या तोंडाने जायचं म्हणून गेली नाही. आणि जसजशी गेली नाही तसतसं ते तोंड आणखी लहान होत गेलं. घर काही साता समुद्रांपलीकडे नव्हतं. याच शहराच्या दुसऱ्या टोकाला होतं, एक बस बदलून.

“बोक्या,” ती म्हणाली, “मधली वर्षं शून्य कर.”

“शून्य? अहो, शून्य केलं तर ‘आता’ सरळ ‘तेव्हा’ला येऊन चिकटेल. मधे काही उरणारच नाही.”

“धूळ-गंज मी हाताने करते. तू शून्य कर आणि कुलूप घाल.”

“करतो. पण जुनी प्रत बाजूला ठेवतो. उद्या रडत याल.”

“नको ठेवूस.”

“ठेवतो,” बोका म्हणाला. नको म्हटलेलं करण्यात त्याचा हात कुणी धरला नसता.

पट्टी शून्यावर गेली. फरशी लखलखीत झाली. वाळवी तिच्याकडे बघत राहिली आणि पदराने पेनाचं टोक उगाचच पुसत बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती कचेरीत शिरते न शिरते तोच फोन वाजला. त्या नंबरावरून फोन यायचं कधीचंच थांबलं होतं.

“अगं धाकटे, ऐक,” ताईचा आवाज. तरतरीत, थोडा घाईतला. “निळं मिळालं नाही तर काळं आण. पण बघ हं आधी. आणि सावकाश ये, घाई नाही.”

फोन बंद झाला. आवाजात टोमणा नव्हता. तिने टोमणा शोधला, अगदी भिंग लावून शोधला. टोमणा असता तर बरं झालं असतं, असं तिला बसमध्ये बसल्यावर वाटलं. तिच्या मुठीत निळं रीळ होतं.

जिना पूर्वीपेक्षा अरुंद वाटला. दारापाशी ती थबकली. कडीवरचा हिरवा रंग ओला असल्यासारखा चमकत होता. कुठे एक ओरखडा नव्हता. खालच्या फळीवर चंद्र नव्हता. तिने बोटाने रंग चाचपला. कोरडा होता.

“एवढ्यात आलीस?” ताईने दार उघडलं. “मला वाटलं, गेली म्हणजे दुपारच करणार ही.”

ताईचे केस कापसासारखे पांढरे झाले होते. गाल आत गेले होते. त्या चेहऱ्यातून वीस वर्षांपूर्वीची ताई मजेत बघत होती. भाड्याच्या घरात राहावं तशी.

“अगं, कुठून येतेस तू? डोक्यावर केवढा चुना!” तिने धाकटीच्या केसांवरून हात झटकला, पुन्हा झटकला. “जात नाही मेला. माझ्याही डोक्यावर सकाळपासून पडतोय. वरची मंडळी भिंत खरवडतायत की काय कोण जाणे. आण ते रीळ. आणि हळू बोल, आई झोपलीय.”

वाळवीचा पाय उंबऱ्यातच राहिला.

“ताई,” ती म्हणाली. “आई... झोपलीय?”

“सकाळपासून. आज काही बोलतच नाही गं. पाणीसुद्धा घेत नाही.”

ताई उजव्या पायाचा चवडा टेकवत शिवणयंत्राकडे गेली आणि डोळे बारीक करून सुईत दोरा ओवू लागली. दोरा जाईना. “डोळ्यांनाही आजच काय धाड भरलीय,” ती पुटपुटली.

पडदा तोच होता, फुलाफुलांचा, कालच धुतल्यासारखा. वाळवीने तो दोन बोटांनी बाजूला केला.

खाटेवर चादर ताणून घातलेली होती. उशीवर एक सुरकुती नव्हती. माणूस एकदा जरी डोकं टेकवून उठला तरी उशी ते विसरत नाही. हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक? या उशीला काहीच ठाऊक नव्हतं. उशाशी स्टुलावर पाण्याचे तीन पेले होते. तिन्ही काठोकाठ भरलेले.

तिने पडदा सोडला. वळली तर समोर खिडकी होती. खिडकीखालची फरशी आरशासारखी होती, आणि तिच्यात वाळवीचं पांढरं डोकं उलटं लटकत होतं.

“बस ना,” ताई म्हणाली. “उभी का पाहुण्यासारखी?”

ती दुसरं स्टूल ओढून बसली. यंत्र टकटकू लागलं. ताई गुणगुणत होती. कामात हात बसला की गुणगुणायची ती जुनी सवय. या घरात कुणी कुणावर रागावलेलं नव्हतं. कुणी काही विचारणार नव्हतं. गेली होतीस कुठे, आईने शेवटी कुणाचं नाव घेतलं, तिला खांदा द्यायला कोण होतं, यातलं काहीच नाही. निळं रीळ मागितलं होतं, ते आलं होतं. वाळवीचे खांदे हळूहळू खाली आले. असंच बसून राहता येईल, असं तिला वाटलं. चहा होईल. संध्याकाळ होईल.

फोन थरथरला. बोका.

“बाई, कुठे आहात? मालक म्हणतोय गेम आजच पाठवायचा. पण एक घोटाळा आहे. शून्य केल्यापासून घरात कुणी थांबत नाही. आत येतात आणि दोन मिनिटांत बाहेर. एक बाई तर म्हणाल्या, या घरात कुणी राहिलेलंच नाही. ती जुनी प्रत आहे माझ्याकडे. चढवू, की टाकून देऊ?”

“चढवली तर,” वाळवीने आवाज खाली आणला, “सगळंच परत येतं?”

“सगळंच. भाजी निवडावी तसं निवडून घेता येत नाही. खळगेही येणार.”

“थांब जरा.”

ताईने यंत्र थांबवलं. “कोण गं?”

“कचेरीतला आहे.”

“तू कधी लागलीस कचेरीत?” ताई हसली, जणू धाकटीने नेहमीसारखीच काहीतरी थाप मारली होती. मग उठली, माठातून एक पेला भरला. “आईला पाणी देऊन बघते. घशाला कोरड पडली असेल तिच्या.”

ती पडद्याआड गेली. आतून तिचा आवाज आला, लहान मुलाला समजवावं तसा. “एक घोट घे गं. एकच. धाकटी आलीय बघ. डोळे उघड ना.”

चौथा पेला स्टुलावर टेकल्याचा बारीक आवाज झाला.

“बाई, आहात का?” बोका.

“चढव,” वाळवी म्हणाली.

“नक्की ना? मालक मला फाडून खाईल.”

“चढव, बोक्या.”

ताई पडद्याआडून आली, यंत्रावर बसली आणि चाक फिरवलं. टकटक सुरू झाली. वाळवी खिडकीखाली बघत होती. फरशीवरची चकाकी आधी कडेने मंदावली, आरशावर वाफ धरावी तशी. तिच्या पांढऱ्या डोक्याचं प्रतिबिंब विरलं. मग मधोमध दोन फिकट ठिपके दिसले. डावा आधी.

यंत्र थांबलं.

ताईची पाठ तिच्याकडे होती. ताईचा हात केसांकडे गेला. या वेळी त्याने काही झटकलं नाही. तो तसाच, पाखरू बसावं तसा, डोक्यावर थांबला आणि खाली आला. तिने पडद्याकडे पाहिलं. पडदा विटला होता, एका टोकाला उसवला होता, आणि त्याच्या फटीतून नुसती खाट दिसत होती, वर रचलेली कपड्यांची गाठोडी. गाठोड्यांशेजारी पाण्याचे चार पेले.

बराच वेळ ती पेल्यांकडे बघत राहिली. मग तिने यंत्रावरचं निळं रीळ काढलं, तळहातावर घेतलं, त्याचं वजन करावं तसं थोडं वरखाली केलं, आणि टेबलावर आपल्यापासून दूर सरकवून ठेवलं.

ती खुर्चीवर हळूहळू वळू लागली.

वाळवी उठून उभी राहिली. पुढचं सगळं उभ्यानेच ऐकायला हवं होतं.